कॉलेजचं ग्रंथालय मुलांसाठी सोयीचं कसं करावं? सांगली-मिरजकरांनी तपशिलात सुचवा

देवघेव_खिडकी

सांगलीतल्या एका स्वायत्त महाविद्यालयाच्या ग्रंथालय समितीसाठी धागा काढतोय. नाव मुद्दाम देत नाही.

सध्याची स्थिती: ५५ हजारांच्या आसपास पुस्तकं. तळमजल्यावर देवघेव विभाग आणि कपाटं, पहिल्या मजल्यावर १२० जणांची अभ्यासिका. निम्म्याहून जास्त कपाटांना कुलूप. मुलं चिठ्ठीवर नाव लिहून देतात, परिचर पुस्तक आणून देतो. कोहा (ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर) बसवलेलं आहे, पण ओपॅकमध्ये (वाचकांसाठीच्या संगणकीय सूचीत) मराठी पुस्तक शोधलं तर कधी सापडतं, कधी नाही. वेळ सकाळी १० ते ५.३०.

पुढच्या अंदाजपत्रकात ग्रंथालयासाठी थोडी तरतूद होईलसं दिसतंय. व्यवस्थापनाचा कल आरएफआयडी गेट (पुस्तकातली चिप ओळखून वाजणारं) आणि नव्या फर्निचरकडे आहे. समितीतल्या काहींना आधी दुसरी कामं व्हावीत असं वाटतं. कोणतं आधी करावं, का करावं, आणि करताना काय फसतं, तेवढं लिहा. "वाचनसंस्कृती जपली पाहिजे" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

---

कपाट_सात

सर, आधी कुलपं काढा. बाकीचं सगळं नंतर.

चिठ्ठीच्या पद्धतीत मुलगा फक्त माहीत असलेलंच पुस्तक मागू शकतो. शेजारचं, त्याहून बरं पुस्तक त्याच्या नजरेलाच पडत नाही. शिवाय एका चिठ्ठीमागे परिचराची एक फेरी. दुपारच्या सुट्टीत खिडकीवर पंधरावीस मुलं उभी राहिली की मागची निम्मी तशीच वर्गात जातात. रंगनाथनांनी १९३१ साली पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं "वाचकाचा वेळ वाचवा" हे आहे. ते भिंतीवर फ्रेम करून लावायचं आणि कपाटाला कुलूप ठेवायचं, हे बऱ्याच ठिकाणी चालतं.

कुलूप का असतं, याचं उत्तर समितीनं स्पष्ट बोललं पाहिजे. पुस्तक गहाळ झालं तर आपल्या पगारातून वसुली होईल, ही ग्रंथपालाची भीती असते. ती भीती कागदावर घालवल्याशिवाय कुणीही कुलूप काढणार नाही, तुम्ही कितीही परिपत्रकं काढा.

त्यासाठी केंद्र सरकारचे सामान्य वित्तीय नियम २०१७ उघडा, नियम २१५ बघा. वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा तिथेच बसून पाहिलेल्या दर हजार पुस्तकांमागे ५ पुस्तकांची घट वाजवी धरता येते, अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसेल तर. १००० रुपयांपेक्षा महाग पुस्तक आणि कोणत्याही किमतीचं दुर्मीळ पुस्तक गेलं तर मात्र चौकशी करावीच लागते. हा नियम तुमच्या संस्थेला आपोआप लागू होत नाही. पण समितीनं हाच निकष ठराव करून स्वीकारला, व्यवस्थापनाकडून मंजूर करून घेतला आणि हिशेबतपासनीसाला आधी दाखवला, की ग्रंथपालाला आधार मिळतो.

यात एक चूक सर्रास होते. हजारामागे ५ हे एकूण साठ्यावर मोजतात. ते वापरावर मोजायचं आहे. म्हणून तिथेच बसून वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवणं अत्यंत गरजेचं. ती नसेल तर वापर कमी दिसतो आणि तीच घट अवाजवी ठरते.

---

मार्क_एकवीस

कपाट_सात यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून: कोहात ही नोंद फुकट होते. सिस्टिम प्रेफरन्समध्ये परत घेताना स्थानिक वापर नोंदवण्याची सोय आहे, ती चालू करा. मग टेबलावर पडलेलं पुस्तक चेक-इनला नुसतं स्कॅन केलं की, ते कुणाच्या नावावर नसेल तर, स्थानिक वापर म्हणून जमा होतं. परिचरानं दिवसातून दोनदा ट्रॉली फिरवायची, सगळं स्कॅन करायचं, मग जागेवर लावायचं.

अट एकच: "वाचून झालेलं पुस्तक कपाटात परत ठेवू नका, टेबलावरच ठेवा" ही पाटी प्रत्येक टेबलावर हवी. मुलांनी स्वतः परत लावलेलं पुस्तक चुकीच्या जागी जातं. चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक मोजणीपर्यंत हरवलेलंच.

मराठी शोधाबद्दल रात्री सविस्तर लिहितो, तो मोठा विषय आहे.

---

विटा_एसटी

विद्यार्थी म्हणून लिहितो. वेळ १० ते ५.३० म्हणजे बरोबर आमच्या तासांची वेळ. विटा, तासगाव, कवठे महांकाळ, पलूस इकडून येणारी मुलं एसटीच्या पासवर येतात. सकाळची गाडी लवकर सोडते, तास सुरू होईपर्यंत बसायला जागा नसते. संध्याकाळी तास संपले की गाडी गाठायची घाई. ग्रंथालय रात्री १० पर्यंत उघडं ठेवलं तरी आम्हाला त्याचा उपयोग नाही, मुलींना तर अजिबात नाही. सकाळी ७.३० ला उघडा.

---

भडंग

रात्रीचं पण पायजे की वो. हॉस्टेलची पोरं आणि एमपीएससीवाले कुठं जाणार?

---

कपाट_सात

दोन्ही होतं. त्यासाठी अभ्यासिका आणि पुस्तकांचा विभाग वेगळे उघडता यायला हवेत. यांची अभ्यासिका वरच्या मजल्यावर आहे, म्हणजे अर्धं काम झालेलंच. जिन्याच्या तळाशी पुस्तकांच्या विभागाकडे ओढायचं जाळीदार शटर बसवा. मग सकाळी ७.३० ते १० आणि संध्याकाळी ५.३० नंतर फक्त अभ्यासिका चालू, ग्रंथपाल नको, एक रखवालदार पुरे. मात्र त्या वेळेत प्रसाधनगृह आणि पिण्याचं पाणी त्याच मजल्यावर, शटरच्या बाहेरच्या बाजूला हवं. शटर बसवल्यावर "मुलींचं प्रसाधनगृह आत राहिलं" असं लक्षात येतं आणि मग योजना बंद पडते. आधी नकाशावर रेघ मारून बघा.

अभ्यासिकेत वह्या-बॅगा ठेवून जागा अडवणं हा कायमचा तंटा. त्यावर साधा उपाय: उठताना टेबलावर वेळ लिहिलेली चिठ्ठी ठेवायची, ३० मिनिटांची मुभा. त्यानंतर परिचर सामान उचलून ठरलेल्या रॅकवर ठेवणार. नियम पहिल्या दिवसापासून सगळ्यांना सारखा. प्राध्यापकांच्या ओळखीच्या मुलाला सूट दिली की संपलं.

---

मार्क_एकवीस

मराठी शोध. सर, तुमचं "कधी सापडतं, कधी नाही" याची कारणं बहुतेक या तिघांपैकी.

पहिलं, जुन्या नोंदी. पूर्वी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर युनिकोड नसतो, तो तसाच आयात झाला असेल तर पडद्यावर चित्रविचित्र अक्षरं दिसतात. काही नोंदी रोमन लिपीत असतात. त्या रोमन नोंदी पुसू नका. मुख्य शीर्षक नोंदीच्या २४५ क्रमांकाच्या रकान्यात देवनागरीत घ्या आणि रोमन रूप २४६ (पर्यायी शीर्षक) मध्ये ठेवा. मोबाइलवर मराठी कीबोर्ड न वापरणारी मुलं भरपूर आहेत, त्यांना तेच सापडतं.

दुसरं, झेब्राचं (कोहातल्या शोध-यंत्रणेचं) अनुक्रमण, म्हणजे शब्दांची शोधसूची. कोहाच्या मूळ मांडणीतली अक्षरतक्त्याची पद्धत काना-मात्रा आणि जोडाक्षरं नीट सांभाळत नाही, शब्द मध्येच तुटतो. झेब्राच्या डिफॉल्ट डॉट आयडीएक्स फाइलमध्ये अक्षरतक्त्याच्या ओळी बंद करून आयसीयूच्या (युनिकोड लिपी सांभाळणाऱ्या पद्धतीच्या) ओळी चालू करायच्या, आणि मग पूर्ण अनुक्रमणिका नव्यानं बांधायची. हे करण्याआधी बॅकअप. नुसती फाइल बदलून सेवा पुन्हा चालू केली तर जुनी अनुक्रमणिका तशीच राहते आणि "काही फरक पडला नाही" अशी तक्रार येते.

तिसरं कारण डोळ्यांना दिसतच नाही. "साताऱ्याचा" हा शब्द घ्या. यातला ऱ्य तीन प्रकारे टंकता येतो: तयार ऱ अक्षर घेऊन, साधा र आणि त्याखाली नुक्ता देऊन, किंवा साधा र, हलन्त आणि मधे अदृश्य जोडचिन्ह टाकून. पडद्यावर तिन्ही सारखे. यातले पहिले दोन युनिकोडच्या प्रमाणीकरणात एक होतात, तिसरा होत नाही. तसंच ॲ: एक तयार अक्षर, आणि दुसरं अ वर चंद्र देऊन केलेलं. हे दोन तर प्रमाणीकरणानंतरही वेगळेच राहतात. नोंद एका प्रकारे आणि शोध दुसऱ्या प्रकारे, की निकाल शून्य. "ॲकॅडमी", "दऱ्या", "वाऱ्या" असे सगळे शब्द यात अडकतात.

उपाय: नोंदी निर्यात करा, मार्कएडिटमध्ये (ग्रंथनोंदी एकगठ्ठा बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये) शोधा-बदला चालवून प्रत्येकाचं एकच रूप करा, १०० नोंदींवर तपासून मग सगळ्या परत घ्या. परत घेताना जुन्या नोंदीवर बसवा, नव्यानं भरू नका. नाहीतर प्रत्येक पुस्तकाची दुहेरी नोंद होते आणि ती निस्तरण्यात महिना जातो. नोंदी करणाऱ्या सगळ्यांच्या संगणकावर एकच कीबोर्ड ठेवा. मुलगा शोधताना कोणता कीबोर्ड वापरेल यावर आपला ताबा नाही, म्हणून ज्या शीर्षकांत असे शब्द आहेत तिथे दुसरं रूपही २४६ मध्ये द्या.

---

देवघेव_खिडकी

मार्क_एकवीस, ऱ्यचं हे आमच्याकडे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आत्ताच दोन प्रकारे शोधून बघितलं, निकाल खरंच वेगळे येतात.

कुलपं काढायची झाली तर एकदम काढायची की टप्प्यानं?

---

कपाट_सात

टप्प्यानं. आधी स्पर्धा परीक्षा आणि मराठी साहित्य. या दोन्हींना मागणी सगळ्यात जास्त, आणि किंमत फार नाही. संदर्भग्रंथ शेवटी. दुर्मीळ पुस्तकं आणि जुने गॅझेटियर कुलपातच राहू देत, त्यात काही गैर नाही.

उघडण्याआधीची कामं:

मोजणी करा. ५५ हजार म्हणजे त्याच नियम २१५ नुसार ५० हजारांच्या वर; तीन वर्षांच्या आत एकदा नमुना पडताळणी चालते, आणि त्यात घट जास्त दिसली तर पूर्ण. पण उघडण्याआधी निदान त्या दोन विभागांची पूर्ण मोजणी हवीच. नाहीतर आधीची सगळी घट मुक्त प्रवेशाच्या नावावर खपते आणि वर्षाच्या आत कुलपं परत येतात.

फळ्या तीन चतुर्थांशच भरा. ९० सेंटिमीटरच्या फळीवर ३० पुस्तकं ठासून बसतात, पण मग नवं पुस्तक आलं की पुढची दहा कपाटं सरकवावी लागतात. ठासलेलं पुस्तक मुलं कण्याचं वरचं टोक धरून ओढतात, बांधणी तिथेच सुटते. जागा नसेल तर जुन्या अभ्यासक्रमाच्या दहा-दहा प्रती आधी रद्दबातल करा.

पुस्तकाच्या कण्यावर वर्गांकाच्या (विषयाच्या क्रमांकाच्या) वर विषयाची रंगीत पट्टी लावा. मराठी साहित्याला एक रंग, अर्थशास्त्राला दुसरा. चुकीच्या फळीवर गेलेलं पुस्तक लांबून ओळखू येतं. कपाटाच्या टोकाला ८९१.४६ एवढंच लिहू नका. त्याखाली "मराठी साहित्य", ८९१.४६१ खाली "कविता", ८९१.४६३ खाली "कथा-कादंबरी" असं लिहा. आकडे ग्रंथपालासाठी असतात, वाचकाला नाव लागतं.

रोज सकाळी एका परिचरानं एक तास ठरलेली दोन कपाटं क्रमवार तपासायची. हे एक काम बंद पडलं की मुक्त प्रवेशाची व्यवस्था ढासळायला वेळ लागत नाही.

---

भडंग

आता माझ्या कामाचं. लाइट आणि प्लगचं काम बहुतेक ठिकाणी चुकतं, म्हणून लिहितो.

वाचायच्या टेबलावर ३०० ते ५०० लक्स उजेड पायजे. मोबाइलच्या ॲपवर अंदाज येतो, पण मोजायचं टेबलाच्या उंचीवर, हातात वर धरून न्हवं. कपाटांच्या रांगेत ट्यूब कपाटाला आडवी लावली तर एका खणात उजेड आणि दुसऱ्यात अंधार. गल्लीच्या मधोमध, गल्लीच्या लांबीनं लावा. ट्यूब पंख्याच्या पात्याच्या वर गेली की पानावर सावली लपलपते आणि पोरं डोकं दुखतं म्हणतात. ट्यूब पात्याच्या पातळीखाली लोंबती घ्या, नाहीतर पंखा बाजूला सरकवा.

चार्जिंग: ६० पॉइंट धरले आणि लॅपटॉपचा चार्जर ६५ वॅटचा, तर ३९०० वॅट, म्हणजे १७ अँपिअर. एकाच वायरवर टाकू नका. २० पॉइंटची एक अशी तीन सर्किटं, २.५ चौरस मिमी तांब्याची वायर, प्रत्येकाला १६ अँपिअरचा एमसीबी (जादा भार आला की बंद पडणारा) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की बंद पडणारा). लाइट-पंखे पूर्ण वेगळ्या सर्किटवर. न्हाईतर एका पोराचा फुटका चार्जर सगळा हॉल अंधारात घालतो.

सॉकेट टेबलाच्या खालच्या कडेला, आतल्या बाजूला. जमिनीवर एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको: पाय अडकतो, आणि सकाळी फरशी पुसताना पाणी जातं. टेबल जमिनीला पक्कं करा. हलतं टेबल वायर ओढून ओढून आतनं तोडतं, ते बाहेरनं दिसत न्हाई.

आणि खुर्च्या. नव्या घेण्याआधी जुन्यांच्या पायांना रबरी बूट घाला. निम्मा आवाज तिथंच कमी हुतो, खर्च किरकोळ.

---

सई_मिरज

दादा, टेबलं पक्की करताना दोन टेबलांत १२० सेंमी अंतर ठेवा, म्हणजे व्हीलचेअर मधून जाते. निदान एका टेबलाखाली ७० सेंमीची मोकळी उंची हवी, गुडघे आत जायला. दारातल्या उताराला १ : १२ चं प्रमाण, म्हणजे ४५ सेंमीच्या ओट्याला ५.४ मीटर लांब उतार. जागा कमी म्हणून तीव्र उतार करतात आणि मग तो फक्त पुस्तकांची ट्रॉली ढकलायला वापरला जातो. अभ्यासिका वरच्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट नसेल, तर तळमजल्यावर चार जागा राखून ठेवणं भागच आहे.

अंध विद्यार्थ्यांसाठी एका संगणकावर एनव्हीडीए (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) टाका. मोफत आहे, मराठी मजकूरही वाचून दाखवतं. स्पीकर नको, हेडफोन ठेवा. आणि तो संगणक कोपऱ्यात झाकून ठेवू नका. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयाचं सदस्यत्वही काढून द्या, तिथे वाचता येण्याजोग्या रूपातली पुस्तकं मिळतात.

---

कृष्णाकाठ

सांगलीतलं ग्रंथालय आणि पुस्तकं तळमजल्यावर, तरी पुराचा विषय अजून कुणी काढला नाही? कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला परत आलं. इमारत विश्रामबागेकडे उंचावर असेल तर पाणी येणार नाही कदाचित. गावभागाच्या बाजूला असेल तर नवं फर्निचर तळमजल्यावर ठेवण्याआधी दहादा विचार करा.

दाखलनोंद रजिस्टरं आणि सर्व्हर आजच वर न्या. रजिस्टर भिजलं तर कुठलं पुस्तक होतं हेच सिद्ध करता येत नाही, आणि मग विमाही अडतो. पातळी ३५ ओलांडली की कोणती कपाटं आधी रिकामी करायची याची यादी दारामागे लावा: दुर्मीळ, संदर्भ, मग बाकी. क्रमिक पुस्तकं शेवटी, ती बाजारात मिळतात.

पुस्तकं भिजलीच तर उन्हात उघडून वाळवू नका, पानं वाकडी होतात आणि गुळगुळीत कागद एकमेकांना कायमचा चिकटतो. ४८ तासांच्या आसपास बुरशी धरायला लागते. त्यामुळे कमी भिजलेली पुस्तकं पंख्याखाली उभी, मधे शोषकागद. खूप भिजलेली मिटलेलीच ठेवून शीतगृहात गोठवायची आणि मग सवडीनं वाळवायची. हळद-बेदाण्यामुळे आपल्याकडे शीतगृहांची वानवा नाही. गोठवण्याची सोय नेमकी कुणाकडे आहे हे मात्र आधी विचारून ठेवा, कारण बेदाण्याला शून्याखाली जावं लागत नाही.

---

मार्क_एकवीस

सर्व्हरवरून आठवलं. कोहा रोज आपोआप बॅकअप घेतं खरं, पण मूळ मांडणीत तो त्याच यंत्रावर राहतो आणि फक्त शेवटच्या दोन दिवसांचा. यंत्र बुडालं तर बॅकअपही बुडाला. रोज रात्री तो दुसऱ्या गावातल्या यंत्रावर किंवा क्लाउडवर जायला हवा, आणि सहा महिन्यांतून एकदा तो खरंच उघडतो का हे दुसऱ्या संगणकावर बघायला हवं.

---

विटा_एसटी

दंडाचं काय? सुट्ट्यांचाही दंड लागतो. आणि परीक्षेचा फॉर्म भरताना ना-थकबाकी दाखल्याला अख्खा दिवस रांगेत.

---

मार्क_एकवीस

कोहाच्या कॅलेंडरमध्ये सुट्ट्या भरलेल्या नसतात, म्हणून लागतो. जूनमध्येच वर्षभराच्या सुट्ट्या भरा, गणपती-दिवाळीसकट, आणि दंड मोजताना कॅलेंडर वापरायची निवड चालू करा. दंडाची कमाल मर्यादा पुस्तकाच्या किमतीएवढी लावा. मुदत संपण्याच्या दोन दिवस आधी ईमेल जाऊ दे. एसएमएस पाठवायला डीएलटी नोंदणी (दूरसंचार कंपन्यांकडची) लागते, त्यात वेळ जातो, म्हणून ईमेलपासून सुरुवात करा. ओपॅकवरून मुलाला स्वतः नूतनीकरण करता आलं पाहिजे, मात्र दुसऱ्यानं मागणी नोंदवलेली असेल तर नाही.

परतीसाठी दाराबाहेर पोर्चखाली पेटी ठेवा: झाकणाची फट, तळाला जाड फोम, आणि रोज सकाळी न चुकता रिकामी. परत घेताना कोहात पेटीचा पर्याय निवडा, म्हणजे परतीची तारीख मागच्या कामाच्या दिवसाची लागते. हेही कॅलेंडर भरलेलं असेल तरच बरोबर चालतं.

ना-थकबाकीसाठी मुलाला बोलवायचं कारणच नाही. ज्यांच्या नावावर काही आहे त्यांची यादी अहवालातून काढून परीक्षा विभागाला द्या. बाकीच्यांना आपोआप मोकळीक.

---

देवघेव_खिडकी

खूप उपयोगी. म्हणजे आरएफआयडी सध्या नकोच?

---

कपाट_सात

आत्ता नको. बारकोड नीट नसताना आरएफआयडी म्हणजे त्याच चुका महाग चिपवर चढवणं. विभागीय ग्रंथालय आणि बुक बँक यांची दाखलनोंद रजिस्टरं वेगळी असतील तर एकच दाखल क्रमांक दोन पुस्तकांना असतो, आणि कोहात बारकोड एकमेव लागतो. आधी त्यांना वेगळी उपसर्ग अक्षरं द्या. लेबलं रिबनवाल्या छपाईची घ्या. बिन-रिबनची थर्मल लेबलं उन्हानं आणि हाताळणीनं फिकी पडतात, दोन-तीन वर्षांत स्कॅनर वाचत नाही.

पुढे कधी घेतलंच तर १३.५६ मेगाहर्ट्झचे टॅग घ्या, आणि सगळ्या पुस्तकांत एकाच जागी चिकटवू नका. तीन वेगवेगळ्या उंचींवर आलटून पालटून. एकावर एक आलेले टॅग एकमेकांना गप्प करतात आणि गेट वाजत नाही. चकचकीत धातूच्या मुलाम्याचं मुखपृष्ठ असेल तर टॅग मागच्या बाजूला. पुरवठादाराला कोहाशी एसआयपी२ नं (ग्रंथालयातली यंत्रं सॉफ्टवेअरला जोडायच्या ठरलेल्या पद्धतीनं) जोडून दाखवायला सांगा, तेही तुमच्या २० पुस्तकांवर, त्यांनी आणलेल्या नव्हे.

---

भडंग

आणि गेटच्या शेजारी लोखंडी कपाट ठेवू नका. पुरवठादार बसवून जातो, मग कुणीतरी कपाट सरकवतं आणि गेट एकतर दिवसभर वाजतंय, न्हाईतर वाजतच न्हाई.

---

देवघेव_खिडकी

ठीक. समितीपुढे या क्रमानं ठेवतो: घटीच्या निकषाचा ठराव, दोन विभागांची मोजणी, मराठी नोंदींची दुरुस्ती, सकाळी ७.३० ची अभ्यासिका, वायरिंग. गेट पुढच्या वर्षी. रजिस्टरं आणि सर्व्हर मात्र सोमवारीच वर हलवायला सांगतो, त्याला ठराव लागत नाही. नकाशा बघितला: मुलींचं प्रसाधनगृह शटरच्या आतच येतंय. शटर जिन्याऐवजी पुस्तकांच्या कक्षाच्या दाराला घेतलं तर चालेल का, कपाट_सात?

---

कपाट_सात

चालेल, पण मग देवघेवीचं टेबल आणि तिथला संगणक बाहेर उघडा पडतो. टेबलाला ओढायचं झाकण करून घ्या आणि संगणकाची जोडणी आतल्या भिंतीवरून द्या. दाराची रुंदी किती आहे ते लिहा, त्यावर शटर ओढायचं की घडीचं ते ठरेल.